खिशातला खिसा

दुसऱ्या मजल्यावरची तीच खोली,
सोमवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. तू कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, मशीनचा पट्टा बदललास की अजून गाठी मारूनच चालवतेस? पहिल्या दोन ओळींत सगळं विचारून टाकलं म्हणजे पुढे माझं सांगायला मी मोकळी.

पत्र बघून तू हातातली कात्री खाली ठेवली असशील. फोन असताना ही बया पत्र का लिहिते? घाबरू नकोस, काही झालेलं नाही. फोनवर तू एकीकडे माझं ऐकतेस आणि दुसरीकडे गिऱ्हाइकाशी बोलतेस. मागच्या वेळी मी डोकं दुखतंय म्हणून सांगत होते, तर तू म्हणालीस, "दोन बोटं वर घेऊ का?" म्हणून म्हटलं पत्रच लिहावं, म्हणजे निदान पूर्ण वाचशील.

तर मुद्दा कपड्यांचा. मला तीन झगे हवेत. रोजचे.

हस, हस. दर वर्षी तू काहीतरी भारी शिवून पाठवतेस आणि मी फोनवर वा वा करते, आता हे काय नवीन? पण खरं सांगू का, माझ्याकडे कपडे दोनच प्रकारचे आहेत. एक लाँड्रीत घालायचे, ज्यांचा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही सांगता येणार नाही. दुसरे तुझ्या हातचे, जे मी कपाटात नीट घडी घालून ठेवते आणि कुणाचं तरी लग्न निघेल म्हणून वाट बघते. आपल्या ओळखीतली सगळी लग्नं उरकली, ताई. पोरंबाळं झाली त्यांना. मग मधल्या दिवसांचं काय? मंगळवारी माणसाने काय घालावं? दिवसभर लोकांचे कपडे कडक इस्त्री करून द्यायचे आणि आपण मात्र बगलेत उसवलेल्या झग्यात फिरायचं, याचा मला एकाएकी कंटाळा आला आहे.

जेवणाचंही तेच झालं होतं. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्या पाव खायचा आणि संध्याकाळी जे असेल ते पातेल्यातूनच. तू कितीदा ओरडली आहेस त्यावरून. गेल्या महिन्यापासून ते बंद केलं. आता सकाळी मऊ भात, वर लोणी आणि एक उकडलेलं अंडं. संध्याकाळी गरम सूप, त्यात घरात असेल ती भाजी. फार काही नाही, पण गरम असतं, आणि आम्ही बसून जेवतो. म्हणजे मी. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं आणि दुसरी खुर्ची घेतली. एकटीला दोन खुर्च्या कशाला म्हणशील, तर एकीवर पिशवी ठेवते.

आता झग्यांचं नीट वाच. जुनी मापं वापरू नकोस. मी बारीक झाले आहे. उंचीही थोडी कमी भरली, वयामुळे होतं म्हणतात तसं. सोबतच्या चिठ्ठीवर सगळं लिहिलंय. माप घेताना टेप कुठे धरायचा हे तुझ्याकडे बघून बघून मला येतं, तेव्हा शंका काढू नकोस. कापड सुती आणि मऊ असू दे, अंगाला टोचणारं नको. बटणं पुढून आणि मोठी, बोटांत धरता येतील अशी. बाही कोपराच्या खाली. रंग कुठलाही साधा चालेल, निळा, करडा, तुझ्याकडे असेल तो. फक्त पांढरा नको. पांढरा मुळीच नको.

आणि उजव्या बाजूला एक खोल खिसा, आणि त्या खिशाच्या आत आणखी एक छोटा खिसा. किल्लीसाठी बरा पडतो.

तू वर्षाअखेरीला येतेस, तेवढं या वेळी जरा पुढे ढकलशील का? खोलीला रंग काढायचा आहे. घरमालक म्हणतोय की सगळं सामान जिन्यात काढावं लागेल, आणि तुझा गुडघा असा. रंग सुकला की मीच कळवते.

लाँड्रीत सगळं ठीक. भट्टीवाला अजून तसाच बडबड्या आहे, तुझी आठवण काढतो. मागच्या खेपेला तू त्याची पँट उभ्याउभ्या बसवून दिलीस, तेव्हापासून तो तुला देवमाणूस म्हणतो. मी त्याला सांगितलं, तिच्याकडे एक महिना राहून बघ.

घाई करू नकोस. आधी गिऱ्हाइकांचं उरक. साधंच हवं आहे, त्यात तुझा जीव घालू नकोस.

तुझी,
चिंगी

ता. क. खिसा विसरू नकोस. आतला.


शनिवार, ४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पार्सल परवा मिळालं. आत एकच झगा आणि चिठ्ठीवर एकच ओळ: "बसतो का बघ, मग बाकीचे बेतते." नमस्कार नाही, गुडघा नाही, मला दोन शिव्यासुद्धा नाहीत. एरवी तुझ्या चिठ्ठीत निदान "जेवत जा" तरी असतं. रागावलीस का? रंगाच्या कारणाने नको म्हटलं म्हणून? अगं, सुकला की ये ना.

झगा मात्र फारच छान झाला आहे. तो फिका निळा तू कुठून शोधलास? कापड आधी धुऊन घेतलं होतंस ना, हातात घेताच कळलं. काजं अशी की बटण आपोआप आत जातं. बसतोही अगदी नेमका. मी घालून आरशासमोर उभी राहिले आणि म्हटलं, चला, आता मंगळवार आला तरी चालेल.

फक्त एक सांगते, चिडू नकोस. आतल्या खिशाची शिवण वाकडी गेली आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच. एक टाका मोठा, एक लहान, आणि कोपऱ्यात दोरा गोळा झालाय. एखाद्या पोरीने पहिल्यांदा सुई धरावी तशी. तुझ्या हातची वाकडी शिवण मी जन्मात पाहिली नव्हती. चष्म्याचा नंबर वाढला का? डोळे तपासून घे बाई. आतल्या बाजूला आहे म्हणून इथे खपून जाईल, पण कुणाच्या लग्नाच्या कपड्यावर असं झालं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. मी उसवून पुन्हा घालणारच होते, पण

रविवार

पत्र त्या "पण"वर सोडून उठले, कारण त्याच्यापुढे मला खोटं सुचेना.

ताई, झगा मी घातलेला नाही. मला तो छातीत येणारही नाही. मी बारीकबिरीक झालेली नाही, उलट दोन वेळ गरम जेवून चांगली सुटले आहे. ती मापं माझी नाहीत. रंगही काढायचा नाही. दुसऱ्या खुर्चीवर पिशवी नसते.

ती इथे आहे. सप्टेंबरपासून माझ्याकडे राहते. खिडकीजवळचा पलंग तिला दिला आहे.

कोण, ते लिहीत नाही. बाबांना पोचवून आलो त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. ज्या दिवशी तिला घरात घेशील, त्या दिवसापासून मी तुझी कोणी नाही." आणि मी मान हलवली होती. आता हे वाचून पत्र फाडावंसं वाटेल तुला. फाड, तुझा हक्क आहे. पण आधी एवढं वाच.

मागच्या वर्षी आमच्या लाँड्रीला वृद्धाश्रमाचं काम मिळालं, हे मी तुला सांगितलं होतं. आश्रमाच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, तिथेच आमची इस्त्री चालते. एका खिडकीतून कपडे घ्यायचे, त्याच खिडकीतून द्यायचे. तिथे कुणाचाही स्वतःचा कपडा नसतो. आत आल्यावर अंगावरचे कपडे जमा करायचे आणि मग धुऊन आलेल्या ढिगातला जो हाती लागेल तो झगा घालायचा. सगळे पांढरे, सगळे एका मापाचे. जेवणही त्याच पद्धतीचं. वाईट म्हणता येणार नाही. मऊ, कोमट, सगळ्यांना सारखं.

एका दुपारी एक म्हातारी खिडकीशी आली. केस नीट विंचरलेले. झगा गळ्यात इतका मोठा होता की तिने तो एका हाताने खांद्यावर धरून ठेवला होता. म्हणाली, "बाई, धुण्यात एक खिसा आला होता का हो?"

"कुठल्या झग्याचा?"

"झग्याचा नाही. नुसता खिसा."

मी भट्टीवाल्याकडे बघितलं. त्याने कानाजवळ बोट फिरवलं. मी म्हटलं, "नाही आला, आजी." ती "असू दे" म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती धुण्याच्या प्रत्येक दिवशी यायला लागली. खिशाचं पुन्हा कधी बोलली नाही. एकदा अंगातल्या झग्याची कड हातात धरून म्हणाली, "हाच मला पुढच्या वेळी परत मिळेल का? हा जरा बरा बसतो." हे तिने इतक्या हळू विचारलं, जणू काय फार मोठं मागत होती. मी त्या झग्याच्या गळ्याला आतून एक लाल टाका घातला आणि दर वेळी तोच बाजूला काढून ठेवायला लागले. तसं करायची परवानगी नव्हती. पहिल्यांदा तो तिच्या हातात दिला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. एका जुन्या पांढऱ्या झग्यासाठी कुणी कुणाकडे असं बघू नये, ताई.

मग ती खिडकीशी थोडं थांबायची. गप्पा अशा नाहीत. मी इस्त्री करायची, ती बघायची. असे कितीतरी महिने गेले. एक दिवस सहज विचारलं, "आजी, घरी कोण कोण आहे?"

"दोन मुली," ती म्हणाली. "थोरलीचा हात फार चांगला होता. ती शिवत असेल."

"आणि धाकटी?"

"धाकटी इस्त्री करते," ती म्हणाली. "बापासारखी मान वाकडी करून."

त्या दिवशी आश्रमाचा एक अभ्रा जळाला. भट्टीवाल्याने धावत येऊन इस्त्री उचलली, मला तर वासही आला नव्हता.

तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर्षभर खिडकीशी येऊन उभी राहिली आणि बोलली नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "काय म्हणून सांगू?" तू असतीस तर काय म्हणाली असतीस?

मी तिला, का गेलीस, असंही विचारलं. सोडलं नाही मी तिला, एवढं समज. ज्याच्याबरोबर ती गेली तो घड्याळवाला मेला, त्याच्या मुलांनी तिला आश्रमात आणून सोडलं, ते सगळं तिने सांगितलं. पण आधीचं विचारलं तर म्हणाली, "कारण होतं. आता सांगितलं तर लहान वाटेल."

ताई, मी रागावायचा प्रयत्न केला. घरी येऊन भांडी आपटली. पण मला राग येतो तो तुझ्यासाठी. तुझी शाळा सुटली, तू बाबांचे डबे केलेस, मशीनवर बसलीस आणि मला टेबलावर उभी करून तोंडात टाचण्या धरून माझ्या फ्रॉकची लांबी बघत राहिलीस, त्याचा. माझा स्वतःचा राग शोधला तर तो सापडेना. मी इतकी लहान होते की मला तिचा चेहराही आठवत नव्हता. मला कुणी "आई" म्हटलं की डोळ्यांपुढे तूच येतेस, टाचण्यांसकट.

मग मी तिला घरी का आणलं? दया आली म्हणून नाही. आई आहे म्हणूनही नसावं. त्या झग्यासाठी आणलं. आपण आज अंगात काय घालायचं, हे म्हाताऱ्या माणसाने ढिगाला विचारत बसू नये, एवढंच मला वाटलं. आणि एकदा आणल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तरी काय वेगळं करत होते? मीही वर्षानुवर्षं हाताला लागेल ते घालत होते आणि समोर येईल ते गिळत होते. मला तर कुणी आश्रमात ठेवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी चार भांड्यांचा स्वयंपाक केला. टेबल भरून गेलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, "एवढं कशाला केलंस? मी काय पाहुणी आहे?" पाहुणी नाही तर कोण, हे तिलाही सांगता येईना आणि मलाही. दोघींनी दोन-दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तिने मऊ भात लावला होता आणि दोन अंडी उकडून ठेवली होती. "फार काही करत जाऊ नकोस," म्हणाली. "गरम असलं की झालं." तेव्हापासून आमचं तेच चाललंय आणि मला ते आवडतं.

झगा कसा हवा, असं मी तिला विचारलं तेव्हाही ती नको, नकोच म्हणत होती. पांढरा नसला की झालं म्हणाली. मग भांडी पुसताना म्हणाली, "खिशात खिसा होत असेल तर बघ." मला वाटलं, किल्ली ठेवायला मागते आहे. म्हणून तुला तसं लिहिलं.

आता झगा आला त्या दिवशीचं ऐक. झगा कुणी शिवला ते मी तिला सांगितलं नव्हतं. विकत आणला म्हटलं. तिने स्वतःच्या हाताने एकेक बटण लावलं, बाह्या सारख्या केल्या, हात खिशात घातला. मग आतल्या खिशात बोट घातलं, आणि ते तिथेच राहिलं. मला वाटलं काहीतरी टोचलं. मी म्हटलं, "ती शिवण वाकडी गेली आहे, दे इकडे, उसवून देते."

तिने खिसा वरून मुठीत धरला. "हात लावशील तर बघ!"

इथे आल्यापासून ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "थोरलीला कळलं."

आणि मग मला सगळं सांगितलं, जे तुला माहीत आहे आणि मला कधीच माहीत नव्हतं. तू सात वर्षांची होतीस आणि मशीनवर बसायचा हट्ट करायचीस. चांगलं कापड तुझ्या हातात देता येत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, माझ्या खिशाच्या आत एक खिसा घाल, आत वाकडं गेलं तरी कुणाला दिसतंय? मग तिच्या प्रत्येक झग्यात तू तो घालायला लागलीस. घर सोडून गेली तेव्हा अंगावर त्यातलाच एक झगा होता. तो विरला, तेव्हा तिने खिसा तेवढा कापून ठेवला. आश्रमात तो उशीखाली ठेवायची. चादरी बदलणाऱ्यांनी चिंधी समजून धुण्यात टाकला. माझ्याकडे आलाही असेल. मी अशा चिंध्या रोज फेकते, ताई.

तिने हे सांगताना "थोरली", "थोरली" असं किती वेळा म्हटलं. मला तो शब्द कानाला चमत्कारिक वाटत होता. मग आठवलं. शेजारची मावशी एकदा तुला थोरली म्हणाली होती, तर तू भरलं ताट ठेवून उठलीस. तेव्हापासून तू सगळ्यांची ताई झालीस, बाबांचीसुद्धा. मला वाटायचं तुला तो शब्द आवडत नाही. तो कुणाचा होता हे मला कळलं नव्हतं.

म्हणजे तुला पहिल्या पत्रातच समजलं होतं. मी इथे खुर्च्या आणि पिशव्या लपवते आहे, रंगाच्या थापा मारते आहे, आणि तू तिकडे कापड धुऊन बेतत बसली आहेस. या घरात सगळ्यांना सगळं आधीच कळतं, मी सोडून.

मी तुला ये म्हणत नाही. तिला माफ कर असंही म्हणणार नाही, ते माझं काम नाही. उरलेले दोन झगे नाही शिवलेस तरी समजेन. पण मला टाकू नकोस. ती माझी आई असेल, पण मला वाढवलं तू. ती इथे आली म्हणून तू जाणार असशील तर मला आताच सांग. काय करायचं ते मला माहीत नाही, पण सांग. सप्टेंबरपासून रोज सकाळी गरम भात पुढे घेतला की पहिला विचार हाच येतो की याची किंमत तू तर नाहीस ना.

तुझीच, अजून असेन तर,
चिंगी


दुकान,
बुधवार, १५ नोव्हेंबर

चिंगे,

पत्र मिळालं. फाडलं नाही.

मापं तुझी नाहीत, हे चिठ्ठी बघताच कळलं. माणूस बारीक होतो, पण पुढून आखूड आणि मागून लांब होत नाही. तसं माप पाठीला बाक आलेल्या माणसाचं असतं. तरी वाटलं, कुणा शेजारणीसाठी मागत असशील आणि सांगायला लाजत असशील. मग खिशाचं वाचलं. दुकान बंद केलं आणि आत बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं दार वाजवून परत गेली.

रंगाची थाप तर मुळीच पचली नाही. ज्या घरमालकाने आजवर तुला एक खिळा ठोकून दिला नाही, तो रंग काढणार!

चष्म्याचा नंबर तोच आहे. शिवण मी मुद्दाम वाकडी घातली, असं तिला वाटत असेल तर वाटू दे. तुला खरं सांगते. तीनदा उसवली. सरळ येईना. रेशमावर रात्रंदिवस हात चालतो माझा, आणि तो बोटभर खिसा काही केल्या सरळ येईना. शेवटी तसाच पाठवला.

मी माफ वगैरे केलेलं नाही. दोघींनीही ते मनात धरून बसू नका. तिचं कारण लहान वाटेल म्हणे. लहान असो की मोठं, मला ते ऐकायचं नाही, निदान या खेपेला तरी नाही. ती गेली त्या दिवशी मी दारात उभी होते. तू झोपली होतीस. ती म्हणाली, थोरले, दूध उतू जाईल, बघ. मी दूध बघायला आत गेले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नव्हतं सांगायचं.

तुझी कोणी नाही असं मी म्हटलं होतं. म्हटलं असेल. बाबा नुकतेच गेले होते, तेव्हा मी काय काय म्हटलं ते सगळं धरून बसू नकोस. तू एक शब्द तिरका बोललीस की मला रात्रभर झोप लागत नाही आणि म्हणे मला टाकू नकोस. वेडी कुठली.

उरलेले दोन झगे शिवलेले नाहीत. पाठवणारही नाही. तू घेतलेल्या मापावर मी आणखी कापड वाया घालवणार नाही. बाही अर्धा बोट आखूड झाली असणार, तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. माप मीच घेईन. तिच्याशी काय बोलायचं हे मला माहीत नाही, पण माप घेताना बोलावं लागत नाही. हात वर करा, वळा, श्वास सोडा, एवढ्यात भागतं. पुढचं पुढे.

तू मधल्या दिवसांचं लिहिलंस, ते वाचून मीही माझ्या अंगावर काय आहे ते बघितलं. उसवलेला गळा, त्याला दोन टाचण्या. लोक अशा बाईला शिंपीण म्हणतात. त्याच निळ्या ताग्यातून एक झगा माझ्यासाठी बेतला आहे. रोजचा. तोच घालून येते.

तिसरी खुर्ची आणत बसू नकोस, मी पलंगावर बसेन. आणि स्वयंपाकाचा पसारा घालू नकोस. मऊ भात चालेल. गरम असू दे.

हे पत्र तिला वाचून दाखवणारच आहेस, मला माहीत आहे. दुधाचं वगळ. खालची सही मात्र वाचून दाखव.

थोरली